हलक्या होडीला जड पंखा

आमच्या घरात होडी रिकामी येत नाही, हलकी येते. दुकान बंद करत नाहीत, वाढवतात, दिवा विझवत नाहीत, मालवतात, तसंच हे. खाडीत दिवस घालवून नुसती ओली जाळी घेऊन परतलेल्या होडीलाही बाबांनी कधी 'रिकामी' म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. आई विचारायची, "कशी आली होरी?" बाबा सांगायचे, "हलकी." विषय संपला. बाबा होडीला होरी म्हणतात. मीही म्हणायचे, मग कॉलेजात गेले आणि माझ्या तोंडात 'ड' आला.

आमचं घर भाईंदर पश्चिमेला, खाडीच्या काठाला. ओट्यावर बसलं की रेल्वेचा पूल दिसतो आणि हल्ली समोरून गाड्या भरून जाणारी रो-रो बोटही दिसते. बाबांचं आयुष्य या पाण्यात गेलं. कंबर गेली तशी होडी माझ्या मोठ्या भावाकडे आली. आई पाटी घेऊन मासळी विकते. मी बी.एस्सी. आहे, फिजिक्स. आमच्या घरातली पहिली पदवी माझी, आणि ती मी कुणाच्या मेहेरबानीने मिळवलेली नाही. मिरा रोडच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. घरात मात्र मोबाइलचं काहीतरी अडलं किंवा वीजबिलात गडबड झाली की माझं शिक्षण सगळ्यांना आठवतं. एरवी नाही.

त्या वर्षी नारळीपौर्णिमेच्या आधी ते पुन्हा आठवलं, पंख्याच्या निमित्ताने.

होडीच्या मागे लावतात त्या मशीनचा पाण्यात फिरणारा भाग म्हणजे पंखा. आमचं मशीन पंधरा हॉर्सपॉवरचं. जुना पंखा पुलाच्या खांबाजवळच्या दगडावर आपटून एका पात्याचा तुकडा उडाला होता, उरलेली पाती करवतीसारखी झाली होती. दादा म्हणाला, आता नवाच घेऊ. बाबा म्हणाले, मी पण येतो. मी म्हणाले, मी पण. दादा हसला, "चल. रिक्षात मागं तिघं कशी मावतील, ते फिजिक्समधी लिहिलंय का बघ."

मेकॅनिकचं दुकान म्हणजे भाईंदर पूर्वेला एक गाळा. तो उत्तरेकडचा माणूस, पण आयुष्यभर होड्यांचीच मशिनं उघडत आलेला. त्याने जुना पंखा हातात फिरवून पाहिला आणि बाबांना विचारलं,

"चाचा, पहले ये बताओ. बोट भरके आती है के खाली?"

दादा रस्त्याकडे बघायला लागला.

"भरके," बाबा म्हणाले.

"हमेशा?"

"हमेशा भरके."

"तो फिर हलका पंखा लगेगा. आठ का."

पंखा हलका किंवा जड म्हणजे वजनाने नव्हे, हे इथे सांगायला हवं. पंख्याची पाती तिरकी असतात. लाकडात स्क्रू फिरवला की तो एका फेऱ्यात ठरावीक आत जातो, तसा पंखा एका फेऱ्यात पाण्यात किती पुढे सरकेल त्याला पिच म्हणतात, ते इंचात मोजतात. पिच कमी असेल तर मशीनला फिरवायला सोपं. तो हलका पंखा. भरलेल्या होडीला तोच लागतो, भार ओढताना मशीन दमत नाही. पिच जास्त असेल तर एका फेऱ्यात लांब उडी, पण फिरवायला जोर लागतो. तो जड पंखा. तो हलक्या होडीला. उलटं लावलंत तर दोन्हीकडून मार आहे. भरलेल्या होडीला जड पंखा लावला तर मशीन घुसमटतं, तापतं. हलक्या होडीला हलका लावला तर पंख्याला पाण्यात अडवणारं काहीच उरत नाही, मशीन नको तितकं जोरात फिरतं आणि किंचाळतं.

म्हणजे हलक्या होडीला जड पंखा आणि भरलेल्या होडीला हलका. वर्गातल्या मुलांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी दोनदा विचारलं. आमच्या घरी कुणी विचारलं नाही, कारण सगळ्यांना ते ठाऊकच होतं.

मी म्हणाले, अंदाजाने घ्यायचा नाही, मोजून घ्यायचा. मेकॅनिकला ते पटलं. त्याने आठ आणि नऊ पिचचे दोन पंखे परत करायच्या बोलीवर दिले. मी प्लगच्या वायरीला गुंडाळायचा एक छोटा मीटर मागवला. मशीन मिनिटाला किती फेरे मारतंय ते त्यावर दिसतं. रीत अशी की होडीत नेहमीचा भार ठेवायचा, मशीन पूर्ण उघडायचं, म्हणजे पूर्ण वेगाने सोडायचं, आणि मीटर बघायचा. कंपनीने घालून दिलेल्या हद्दीत आकडा बसला की पंखा बरोबर.

नेहमीचा भार! पण मासेमारी बंद होती, होडीत भरायचं काय? आमच्या मागे टॉवरचं काम चालू आहे. तिथल्या वॉचमनला सांगून दादाने सिमेंटच्या गोण्यांत रेती भरून आणली. किती गोण्या ठेवायच्या ते बाबांनी ठरवलं. काठाला उभे राहून ते एकेक गोणीला माशाचं नाव देत ती होडीत कुठे ठेवायची ते काठीने दाखवत होते.

"ही बोईटांची. ही फुडं ठेव. ही कोलबी. ही पन कोलबी. हा जिताडा."

"जिताडा मधी ठेवतो," दादा म्हणाला, "न्हायतर उडी मारंल."

"मार, मस्करी मार. तुज्या जन्माच्या वर्साला याच्या दुप्पट होतं."

आई पदराने तोंड पुसत हसत होती. मीसुद्धा हसले. होडी पाण्यात बसत बसत कडेपर्यंत आली आणि बाबांचा चेहरा असा झाला की पुन्हा कुणी हसलं नाही. बऱ्याच वर्षांनी ती होडी त्यांना तशी दिसत होती.

मग मी चढायला गेले तर ते आडवे आले. आमच्या घरात बाईमाणूस होडीत चढत नाही.

"पोरगी होरीत चढत न्हाय."

आई म्हणाली, "ती पोरगी म्हनून चढत न्हाय. मीटरवाली म्हनून चढते. सरा बाजूला."

मी चढले. रेतीच्या कोळंबीवर बसून मीटर धरला. दादाने पुलाच्या दिशेने मशीन पूर्ण उघडलं. नऊच्या पंख्याला आकडा हद्दीच्या खालीच अडकला, मशीन घोगरं ओरडत राहिलं. परत आलो, आठचा लावला, पुन्हा गेलो. आकडा अगदी मधोमध बसला. आवाज एकसारखा, खोल, भरल्या पोटाचा.

"आठ बरोबर आहे," मी म्हणाले. बाबांनी काठीने जमिनीवर ठोकलं, जणू गावाला सांगितलं.

ते मी आजही म्हणते. मोजणीत काही चुकलं नव्हतं. त्या होडीला, त्या भाराला, तोच पंखा बरोबर होता. फक्त तो भार आता या खाडीत नव्हता.

नारळीपौर्णिमेला नारळ सोडला आणि होडी सुरू झाली. पहिल्याच दिवशी ती परत येताना आम्हाला दिसण्याआधी ऐकू आली. पुलापलीकडून बारीक, उंच, शिट्टीसारखा आवाज. जुना पंखा होता तोवर भरलेली-हलकी हे होडी समोर आल्यावरच कळायचं. आता या नव्या पंख्याने ते आधीच सांगायला सुरुवात केली. होडी जितकी हलकी, तितकी शिट्टी उंच. काठावर जाळं शिवत बसलेल्या एका म्हातारीने आठवड्याभरात ओळखलं आणि आईला हाक मारून म्हणाली, "शिट्टी झाली गो तुमची. पाट्या पालथ्या घाल."

आई हसण्यावारी न्यायची. पण नंतर नंतर शिट्टी ऐकली की तिची कामाची गती बदलायची. काठावर न जाता ती सरळ बाजारात निघायची, ट्रकने आलेली बर्फातली मासळी घ्यायला. खाडीकाठच्या बाईने ट्रकची मासळी विकायची, हे ती कसं गिळते ते तिलाच माहीत. गिऱ्हाईक विचारतं, "मावशी, ताजी ना?" ती म्हणते, "तुमच्यापेक्षा ताजी." पूर्वी ती म्हणायची, "आत्ता उतरलीय, माजा पोरगा अजून पाय धुतोय."

खाडीत काय राहिलंय ते आम्ही रोज बघतो. जाळं वर येतं तेव्हा त्यात पिशव्या असतात, थर्माकोल असतो, निर्माल्य असतं, एकदा शाळेचं दप्तर होतं. मूठभर कोळंबी, एखादी चिंबोरी. पाण्याला रंग कसला आहे ते सांगता येत नाही.

बाबा ओट्यावर बसलेले असायचे. शिट्टी आली की त्यांच्या मानेची शीर ताठ व्हायची. दादाला ते समजलं असावं, कारण तो पुलाच्या अलीकडे आला की मशीन अर्ध्यावर आणायला लागला, आवाज खाली राहावा म्हणून. पण भरतीच्या वेळी पुलाच्या खांबांमधून पाणी असं खेचतं की अर्ध्या मशीनवर होडी जागची हलत नाही. तिथे त्याला पूर्ण उघडावंच लागायचं. मग ती शिट्टी यायची, थोडी यायची, आणि बंद व्हायची. ते जास्त वाईट वाटायचं. घरी येऊन आपला मुलगा चोरपावलांनी आत शिरतो तसं.

मेकॅनिकला फोन केला तर तो भडकला. "मशीन चिल्लाता है तो सुनो ना. एक दिन रॉड तोड़के बाहर फेंकेगा. दस का लगाओ."

मी बाबांसमोर बसले. सरळ बोलायची माझी सवय आहे.

"बाबा, पंखा बदलायला लागेल. दहाचा लावू."

"दहाचा कंच्या होरीला लावतात?"

"हलक्या."

"मग?"

"मग काय? मशीन जाईल. दादा पुलाखाली असताना बंद पडलं तर भरती त्याला सरळ खांबावर आपटेल. तुम्हाला मी सांगायला पाहिजे का?"

त्यांनी काठी मांडीवर आडवी घेतली. "हलकी होरी एका दिसाची असते. आज हलकी, उद्या भरंल. पंखा काय एका दिसाचा लावतात? जड पंखा लावला म्हंजे आपन आपल्या तोंडानं वर्सभराचं हलकं बोलून बसलो. आनि भरून आली एक दिस, तर? जड पंख्यानं वडत नेशील तू?"

"भरून येईल तेव्हा हळू चालवेल तो."

"येईल तेव्हा," बाबा म्हणाले. "तू पन 'येईल' बोललीस. मग राहू दे आठचा."

दादा दारात उभा होता. मला वाटलं तो बोलेल, जीव त्याचाच होता. तो म्हणाला, "राहू दे गो. मी संभाळून नेतो."

माझा राग त्याच्यावर होता. अजून आहे थोडा. बापाचा शब्द राहावा म्हणून तो रोज त्या किंचाळणाऱ्या मशीनपाशी बसत होता, आणि मी फिजिक्स घेऊन घरात बसले होते.

मग तो रविवार आला. शाळा नव्हती. दुपारी बाबा आणि मी ओट्यावर होतो, आई आत भांडी लावत होती. भरती लागली होती. दादा सकाळपासून गेला होता, त्याच्या जोडीदाराबरोबर. बाबांची मान अचानक वर झाली.

"ऐक."

मला आधी काहीच ऐकू आलं नाही. मग आलं. पुलाकडून आवाज येत होता, पण शिट्टी नव्हती. खोल, एकसारखा, रेतीच्या गोण्या भरल्या होत्या त्या दिवशीचा आवाज. मशीन पूर्ण उघडलेलं होतं, पुलाखाली तसं उघडावंच लागतं, आणि तरीही ते किंचाळत नव्हतं. त्या आवाजाचा अर्थ मला मीटर न लावता कळला. होडीत भार होता.

बाबा उठले. काठी विसरले. कंबर गेलेला माणूस आतल्या दाराकडे वळून लहान पोरासारखा ओरडला, "भरून आली गो! भरून आली होरी! पाट्या घे!"

आई ओल्या हातांनी बाहेर आली. तिने कान दिला, आणि तिनेही ते ऐकलं. कोनाड्यातल्या पाट्या एकात एक घालून ठेवल्या होत्या, त्या तिने ओढून काढल्या, दोन मला दिल्या. आम्ही तिघं उतरलो. ती जाळं शिवणारी म्हातारी पण उठली, म्हणाली, "कोलबी असंल. उधानाची कोलबी." मी खरंच धावले. मला कुणी विचारलं तर मी सांगेन की मी हातात पाट्या घेऊन धावले होते.

होडी पुलाच्या सावलीतून बाहेर आली. कडेपर्यंत पाण्यात बसलेली. पण तिच्यात माणसं उभी होती. नारिंगी जॅकेट घातलेले अग्निशमनवाले, एक हवालदार, दादा, त्याचा जोडीदार. मध्ये, जिथे रेतीचा जिताडा ठेवला होता तिथे, निळं प्लॅस्टिक पांघरलेलं काहीतरी आडवं होतं.

पुलावरून पाण्यात गेलेलं कुणीतरी. हे इथे नवीन नाही. त्या पाण्यात कुठे काय अडकतं ते होडीवाल्यांनाच ठाऊक असतं, म्हणून त्यांना हाक मारतात. दादाला पाण्यातच गाठून त्यांनी होडी घेतली होती. शोधायला बराच वेळ लागला होता, हे नंतर कळलं.

आईने पाट्या खाली ठेवल्या, पालथ्या. माझ्या हातातल्या पण घेतल्या आणि पालथ्या घातल्या. म्हातारीने हात जोडले. दादाने वर पाहिलं तेव्हा त्याला आम्ही दिसलो आणि पाट्या दिसल्या. मी त्याचं तोंड बघितलं नाही.

बाबा मात्र थांबले नाहीत. ते चिखलात गुडघ्यापर्यंत गेले आणि दोरीसाठी हात पुढे केला, होडी लागताना नेहमी करायचे तसा. दादाने दोरी फेकली. बाबांनी ती खुंटाला बांधली, गाठ ओढून पाहिली, आणि मग बाजूला होऊन त्या माणसांना उतरायला खांदा दिला. एकेक जण उतरला तशी होडी वर येत गेली. शेवटी निळं प्लॅस्टिक उचललं आणि ती आणखी थोडी वर आली. बाबा ते बघत होते. कडेवर पाण्याची ओली रेघ राहिली होती, कुठवर बसली होती त्याची.

सगळे गेल्यावर दादा बादलीने होडी धुवायला लागला. बाबांनी दुसरी बादली घेतली. बराच वेळ दोघं धूत होते, एकाच जागी. मग बाबा म्हणाले, "आवाज बरोबर होता."

"हां," दादा म्हणाला.

"मशीन चांगलं चाललं."

"हां बाबा."

दुसऱ्या दिवशी बाबा स्वतः म्हणाले, रिक्षा बोलव. शाळेला मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. मेकॅनिक दुसऱ्याच कुणाच्या मशीनमध्ये डोकं घालून बसला होता. त्याने आमच्याकडे न बघता तोच प्रश्न विचारला. तो सगळ्यांना तोच विचारतो.

"भरके आती है के खाली?"

दादाने तोंड उघडलं. त्याच्याआधी बाबा बोलले.

"खाली."

दुसऱ्याच्या भाषेत का होईना, पण ते बोलले. मेकॅनिकला त्यात काही वाटायचं कारण नव्हतं. त्याने फळीवरून दहाचा पंखा काढला, धूळ फुंकली आणि बाबांच्या मांडीवर ठेवला. बाबांनी पात्यांवरून अंगठा फिरवला आणि जणू त्याला ऐकू गेलं नसेल म्हणून पुन्हा म्हणाले, "रोज खाली."

"समझ गया, चाचा."

या खेपेला मीटर लावायला बाबांनी मला होडीत चढू दिलं. आडवे आले नाहीत, बाजूलाही झाले नाहीत, तिकडे बघितलंच नाही. गोण्या ठेवायच्या नव्हत्या. दोन माणसं, जाळी, पाण्याचा कॅन, बस. मशीन पूर्ण उघडलं. आकडा मधोमध. आवाज खोल आणि एकसारखा, गोण्या भरल्या होत्या त्या दिवशीसारखाच.

मशीनला आता काही धोका नाही. दादा भरतीतही पूर्ण उघडून पुलाखालून येतो, घाबरण्यासारखं काही राहिलेलं नाही. आठचा पंखा विकून टाकू असं तो म्हणाला होता. बाबा म्हणाले, ठेव. तो मोरीमागे खिळ्याला टांगलाय.

होडी येते तेव्हा आता आवाजावरून काहीच कळत नाही. म्हातारी शिट्टीवरून चिडवत नाही. आईला पुन्हा काठापर्यंत जावं लागतं आणि विचारावं लागतं, "कशी आली होरी?" दादा दोरी फेकतो आणि सांगतो, "हलकी." ओट्यावर बाबा असतात. आवाज त्यांनाही ऐकू येतो, चांगला भरल्या पोटाचा आवाज. ते उठत नाहीत.